तू म्हणली होतीस

"तो तुला दिसणार नाही."

हे वाक्य मी एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या घराच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. जुलै २०१८. दुसऱ्या दिवशी तिची साक्ष होती. अत्याचार झालेल्या मुलांना कोर्टात सोबत करण्याच्या या कामात येऊन मला जेमतेम वर्ष होत होतं, पण कलमं तोंडपाठ होती. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याचं कलम ३६ सांगतं की मूल साक्ष देत असताना आरोपीच्या समोर येणार नाही याची काळजी न्यायालयाने घ्यायची, आणि आरोपीला साक्ष ऐकू येईल, त्याच्या वकिलाशी बोलता येईल हेही बघायचं. परीक्षेत या कलमावर मी दीड पान लिहिलं होतं. म्हणून इतक्या खात्रीने बोलले.

सकाळी साडेदहाला आम्ही कोर्टात पोचलो. ती, तिची आई आणि मी. पुकारा व्हायला वेळ होता, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. पावणेअकराला तो जिना चढून आला. जामिनावर बाहेर होता. सोबत बायको, बायकोच्या हातात जेवणाचा डबा. तो समोरच्याच बाकावर बसला, आमच्यापासून चार पावलांवर. कलम ३६ साक्षीच्या वेळेबद्दल बोलतं. व्हरांडा, जिना, पाण्याचा नळ, गेटबाहेरची चहाची टपरी, यांच्याबद्दल ते काही बोलत नाही. आणि मी त्या बाकाचा विचारच केला नव्हता. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. फ्रॉकचा काठ मुठीत धरून बसून राहिली.

आत पडदा लावलेला होता. न्यायाधीश मॅडम हळू आवाजात, मायेने विचारत होत्या. मुलीने नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं, बाईंचं नाव सांगितलं. त्यापुढे एक शब्द नाही. मॅडमनी मधे थांबून पाणी दिलं, थोडा वेळ बाहेर पाठवलं, परत बोलावलं. शेवटी तारीख पडली, सप्टेंबरची. परत जाताना रिक्षात ती पहिल्यांदा बोलली.

"तू म्हणली होतीस, दिसणार नाही."

याला सात वर्षं झाली. त्यानंतर मी कुठल्याही मुलाला असं वाक्य सांगितलेलं नाही. (मुलीचं वय, वर्ष, घर यांतलं काहीबाही मी इथे बदललं आहे. तिची ओळख कुणाला पटू नये हे कलम २३ सांगतंच, पण कायदा नसता तरी मी बदललं असतं.)

मी बार्शीची. वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडी सेविका. बी.ए.ला मानसशास्त्र होतं. त्या वर्षी कॉलेजात एक जुनी विद्यार्थिनी आली होती, तिने समाजकार्य शिकवणाऱ्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटबद्दल सांगितलं. तोपर्यंत मला समाजकार्य म्हणजे रक्तदान शिबिर एवढंच माहीत होतं. प्रवेश मिळाला, देवनारला गेले, आणि समाजकार्याच्या एम.ए.त क्रिमिनॉलॉजी आणि न्याय हा विषय घेतला. घरी 'क्रिमिनॉलॉजी' हा शब्द सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हंजे पोलीस होणार का?" वडिलांनी सगळ्यांना सांगून टाकलं की पोरगी कायद्याचं शिकते. ते अजूनही तेच सांगतात, आणि आता ते बरंचसं खरंही झालं आहे.

अभ्यासात मी रमले. गुन्हा का घडतो, कोण करतो, तुरुंगात माणसाचं काय होतं, बाहेर आल्यावर त्याला कोण उभं करतं. कच्चे कैदी किती, जामीन मिळूनही भरायला पैसे नाहीत म्हणून आत राहिलेले किती. आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क, मुंबईतल्या एका तुरुंगात. तिथे मी जे शिकले ते आजही कामाला येतं, म्हणून त्याला कमी लेखणार नाही. आरोपीलाही वकील मिळायला हवा, त्याच्या बायकोमुलांना भाकरी मिळायला हवी, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. त्या डबा घेऊन आलेल्या बाईवर मी कधी चिडू शकले नाही ते त्यामुळेच.

पण एक दिवस असा आला. एका कैद्याच्या घरी भेट द्यायला मी गेले होते. मुलांची शाळा सुटू नये म्हणून काय करता येईल हे बघायचं होतं. चाळ होती, दोन खोल्या सोडून फिर्यादीचं घर. मी बाहेर पडले तेव्हा तिथली म्हातारी दारात उभी होती. तिने विचारलं, "त्यांच्याकडं दर महिन्याला येता. आमच्याकडं कोण येणार हाय?" आवाजात राग नव्हता. तिला खरंच वाटत होतं की त्यांच्याकडे येणारं दुसरं कुणी असेल, आणि तो माणूस कधी येणार हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी वसतिगृहावर येऊन नोट्स काढून बसले. आरोपीसाठी, कैद्यासाठी, सुटलेल्या माणसासाठी पानंच्या पानं होती. तिच्यासाठी एक धडा होता, व्हिक्टिमॉलॉजीचा, म्हणजे पीडितांच्या अभ्यासाचा.

आणि तो धडा कसा सुरू होतो? बेंजामिन मेंडेलसोन या रुमानियातल्या वकिलाने पीडितांची वर्गवारी केली, तिथून. वर्ग पाडले ते कशावर, तर पीडिताचा स्वतःचा दोष किती यावर. पूर्ण निर्दोष, थोडा दोषी, गुन्हेगाराइतकाच दोषी, गुन्हेगारापेक्षा जास्त दोषी, अशी सहा पायऱ्यांची उतरंड. त्याच सुमारास, १९४०च्या दशकात, हान्स फॉन हेंटिग यांनीही पीडित स्वतःवरचा गुन्हा कसा ओढवून घेतो याच अंगाने मांडणी केली. आमच्या सरांनी हे टीका करून शिकवलं, पुढच्या विचारवंतांनी ते कसं मोडीत काढलं तेही शिकवलं. तरी मी जेव्हा पहिल्यांदा पोलीस ठाण्यात एका आईशेजारी बसले आणि समोरून प्रश्न आला, "एवढ्या उशिरा पोरीला दुकानात पाठवलीच कशाला?" तेव्हा मला ती उतरंड आठवली. विचारणाऱ्याने मेंडेलसोनचं नावही ऐकलं नसेल. त्याला ती पायरी कुणी शिकवावी लागली नव्हती.

आपल्याकडे तर हा शब्दच उशिरा आला. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या नव्हती. ती २००८च्या दुरुस्तीने आली आणि २००९च्या शेवटच्या दिवशी लागू झाली. नुकसानभरपाईच्या योजनेचं कलम ३५७अ सुद्धा त्याच दुरुस्तीतलं. त्याआधी ज्याच्यावर गुन्हा झाला तो कायद्याच्या लेखी फिर्यादी किंवा साक्षीदार. खटला सरकारचा, गुन्हा सरकारविरुद्धचा. ही व्यवस्था का आहे हे मला कळतं. सूड घेणं माणसाच्या हातात राहू नये म्हणून ती आहे. पण त्या व्यवस्थेत ज्या पोरीचं सगळं विस्कटलं तिला विचारायला कुणी बांधील नव्हतं, तिला सांगायलाही नव्हतं.

एम.ए.ला असताना मी मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्याची सगळी कागदपत्रं वाचली. १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. आदिवासी मुलगी, दोन पोलीस. १९७९ला सर्वोच्च न्यायालयाने ते दोघे निर्दोष ठरवले. कारणांत हेही होतं की तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईत १९८०मध्ये बायका एकत्र आल्या, फोरम अगेन्स्ट रेप उभा राहिला, आणि १९८३ला कायदा बदलला. हा इतिहास मला सांगायचा आहे तो एका कारणाने. यातल्या कुणाला नोकरीत पीडितांची बाजू घेण्याचा पगार मिळत नव्हता. आज मला मिळतो, तो त्यांच्यामुळे.

हो, पगार. मला ज्या मुली फोन करतात त्यांचा दुसरा किंवा तिसरा प्रश्न तोच असतो आणि तो विचारायलाच हवा. २०१७ला मी एका लहान संस्थेत चौदा हजारांवर लागले. करार अकरा महिन्यांचा. प्रवासखर्च वेगळा, पण तो दोन-दोन महिने उशिरा यायचा. माझ्या वर्गातली एक मैत्रीण एका कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामाच्या विभागात गेली, तिचा पगार माझ्या तिप्पट होता. मी हे सांगते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरचं कर्ज फेडायचं असेल तर हा हिशोब आधी मांडावा लागतो.

कामाच्या जागा मात्र आहेत, लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा इन्स्टिट्यूटने १९८४ला महिला व मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारी समाजसेविका ही कल्पना तिथून पुढे राज्यभर गेली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र निघालं, कारण मार खाल्लेली बाई पोलिसांत जाण्याआधी दवाखान्यात जाते. मजलिस संस्थेच्या 'राहत'ने मुंबईत बलात्काराच्या खटल्यांत पीडितांना सोबत देण्याचं मोठं काम केलं. अत्याचार झालेल्या बायकांसाठी सखी केंद्रं आहेत, घरगुती हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आहेत, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आहेत. आणि पॉक्सोच्या नियमांतली सहाय्यक व्यक्ती, म्हणजे मी. आमच्याकडे सगळे सपोर्ट पर्सनच म्हणतात. कोर्टातले पट्टेवाले 'त्या संस्थेच्या ताई' म्हणतात.

बालकल्याण समिती आदेश काढते, मुलाची आणि पालकांची संमती घेते, आणि माझं नाव त्या केसला लागतं. तिथून निकालापर्यंत मी सोबत. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही सोबत पालकांनी मागितली तर द्यायची अशी गोष्ट नाही, प्रत्येक कुटुंबाला तिची माहिती द्यायचीच. तो निकाल आला त्या संध्याकाळी मी तो छापून घेतला आणि पुढच्या आठवड्यात चार पोलीस ठाण्यांत एकेक प्रत नेऊन दिली. आधी बऱ्याच केसेस माझ्याकडे पोचायच्या त्या दोषारोपपत्र दाखल झाल्यावर, जबाब झालेला, मेडिकल झालेली, मूल तीनदा तेच सांगून थकलेलं. आता निदान काही पहिल्या आठवड्यात येतात.

पहिल्या भेटीत मी काय करते? घटनेबद्दल काही विचारत नाही. हे नवीन मुलींना पटवायला सगळ्यात अवघड जातं. त्यांना वाटतं, ऐकून घेणं हेच तर आपलं काम. मूल स्वतःहून बोललं तर ऐकायचं, पण खोदायचं नाही, आणि ते काय सांगणार आहे याची तालीम तर कधीच घ्यायची नाही. जबाब वाचून दाखवायचा असेल तर ते सरकारी वकिलांचं काम. त्या वेळी मी खोलीबाहेर जाते. कारण उलटतपासात एक प्रश्न ठरलेला असतो : "हे सगळं तुला या ताईंनीच शिकवलं ना?" तिथे माझी एक चूक मुलाच्या खऱ्या साक्षीला खोटं पाडू शकते. क्रिमिनॉलॉजी शिकल्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग इथे होतो. बचावाचा वकील कुठून येणार आहे हे मला माहीत असतं, आणि तो त्याचं काम करतोय हेही.

मग मी करते काय? कागद. फॉर्म 'अ' वाचून दाखवते, ज्यात मुलाचे हक्क लिहिलेले असतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते हे आईला सांगते, कारण तिने कुणाला तरी त्यासाठी दोनशे रुपये दिलेले असतात. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलते, कारण मुलीचं नाव पटावरून कमी करायचं घाटत असतं. मनोधैर्य योजनेचा अर्ज भरते. राज्य सरकारची ही योजना २०१३पासून आहे, आणि आता तिचा कारभार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असतो. अर्ज सोपा आहे. अवघड आहे बँकेत खातं काढणं : आधारवर आईचं नाव माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, मुलीच्या दाखल्यावर तिसरंच. एका खात्यासाठी मी आठ फेऱ्या मारल्या आहेत. रकमेचा मोठा भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत राहतो हे घरच्यांना आधीच सांगावं लागतं. नाहीतर पैसे आल्यावर काका-मामा जमतात आणि भांडण त्या पोरीच्या अंगावर येतं.

आणि तारखा. कायदा म्हणतो, दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, शक्य तोवर वर्षभरात खटला संपावा. मी अशा केसेसमध्ये बसलेय जिथे साक्षीलाच दोन वर्षं लागली. सात वर्षांचं मूल नऊ वर्षांचं होतं, दुधाचे दात पडून नवे येतात, आणि समन्स घेऊन पोलीस पुन्हा दारात. म्हणून मी रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद, वाचायला शिकले. तारीख का पडली, आरोपीच्या वकिलाने अर्ज दिला की रासायनिक तपासणीचा (सीए) रिपोर्ट आला नाही की पंच हजर नव्हते, ते त्यात असतं. कारण कळलं की आईला सांगता येतं. "तारीख पडली" एवढंच ऐकून घरी गेलेल्या बाईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

एका केसमध्ये आरोपी जामिनावर सुटल्याचं मुलीच्या आईला आठवडी बाजारात कळलं. तो समोरून भाजीची पिशवी घेऊन येत होता. जामिनाची माहिती तिला आधी मिळायला हवी होती, नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. कागद एका टेबलावर राहिला होता. त्या बाईने पिशवी तिथेच टाकली आणि पळत शाळेत गेली. तेव्हापासून जामिनाच्या प्रत्येक तारखेला मी स्वतः कोर्टाचा बोर्ड बघते. पोलिसांतर्फे कोर्टाचं काम बघणाऱ्या पैरवीच्या कर्मचाऱ्यांशी माझं चांगलं जमतं. त्यांच्यातल्या एकाला आता न सांगता कळतं, तो दुपारी मेसेज टाकतो.

आमचा जिल्हा कर्नाटकाच्या सीमेवरचा. इथे मुलं घरात कानडी बोलतात, बंजारा तांड्यावरची मुलं गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी. घाबरलेलं मूल घरच्या भाषेत जातं. एकदा जबाबाच्या वेळी दुभाषा म्हणून मुलीच्या चुलत्यालाच बसवत होते. मुलगी त्याच्यासमोर मान वर करेना. मी म्हटलं, बाई दुभाषी मिळेपर्यंत थांबू या, नीट दुभाषी मिळणं हा तिचा हक्क आहे. चार तास थांबलो. शेजारच्या गावातून एक निवृत्त शिक्षिका आल्या, त्यांनी आधी मुलीला जवळ घेतलं, वेणी नीट केली, मग काम सुरू झालं. कॉलेजात ज्या मुली मला विचारतात की कुठला कोर्स करू, कुठलं सर्टिफिकेट घेऊ, त्यांना मी म्हणते, तुझ्या भागातली दुसरी भाषा शीक. मी अजून शिकतेय. कानडी समजतं, बोलताना अडखळते. आणि कलमं पाठ असू देत, पण १ जुलै २०२४पासून नव्या फौजदारी कायद्यांमुळे आकडे बदललेत हे विसरू नका. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा १६४चा जबाब आता १८३चा झालाय. नवीन पोलीस नवा आकडा बोलतात, जुने वकील जुना, आणि मधे बसलेल्या आईला वाटतं दोन वेगवेगळ्या गोष्टी चालल्यात.

फितूर झालेल्या साक्षीदारांबद्दलही लिहायलाच हवं. आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, कधी घरातलाच. घर चालवणारा तोच असेल तर आई काय करणार? एका आईने कोर्टात फिर्याद नाकारली. मी त्या घरी अकरा महिने जात होते. त्या रात्री मला तिचा भयंकर राग आला, हे मी लपवणार नाही. दोन दिवसांनी गेले तेव्हा कळलं, घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती, दीराने धान्य बंद केलं होतं, आणि धाकटं मूल आजारी होतं. यातलं निम्मं मला आधी कळायला हवं होतं. मी कोर्टाच्या तारखा सांभाळत बसले आणि तिच्या चुलीकडे पाहिलं नाही. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक केसच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न असतात : भाडं कोण भरतं, किराणा कोण आणतं, रात्री दारात कोण असतं. नियमांत अन्न, कपडे, प्रवास यासाठी तातडीच्या मदतीची सोय आहे, बालकल्याण समितीकडून ती मागता येते. मी ती पहिल्याच आठवड्यात मागते.

स्वतःचं काय होतं, हाही प्रश्न येतो. मला दुसऱ्या वर्षी झोप लागेना. एसटीत कुणी लहान मुलीला मांडीवर घेतलं की माझं लक्ष तिथेच. संस्थेतल्या वरिष्ठ ताईंनी मला महिनाभर नवीन केस दिली नाही आणि समुपदेशकाकडे पाठवलं. मी तेव्हा रुसले होते. आज माझ्या हाताखाली दोघी आहेत, आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना बसवून मी केसबद्दल न विचारता त्यांच्याबद्दल विचारते. आठ-दहापेक्षा जास्त चालू केसेस एकीला देत नाही. लग्नाच्या बोलण्यात एका स्थळाने "हे काम लग्नानंतर सोडणार ना?" असं विचारलं, तेव्हा माझ्याआधी वडीलच "नाही" म्हणाले.

आता त्या मुलीकडे येते.

सप्टेंबरच्या तारखेआधी मी तिला काही वचन दिलं नाही. आदल्या दिवशी, कामकाज संपल्यावर, परवानगी घेऊन तिला रिकामा कोर्ट हॉल दाखवायला नेलं. मॅडम कुठे बसतात, लिहून घेणाऱ्या ताई कुठे, ती कुठे उभी राहणार की बसणार, पडदा कुठे लागतो. तिला त्या खुर्चीवर बसून बघायचं होतं, बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. "हा पंखा पडणार नाही ना?" एवढंच विचारलं. मी वर बघून सांगितलं की मला माहीत नाही, पण उद्या आपण तो बंद ठेवायला सांगू. बाथरूम कुठे आहे ते दाखवलं. मग मी तिला म्हटलं, "उद्या तो याच इमारतीत असणार आहे. जिन्यात किंवा बाहेर तो दिसू शकतो. आपण मागच्या दाराने येऊ, म्हणजे बहुतेक नाही दिसणार. पण दिसला, तर तू माझा हात दाब, आपण तोंड फिरवू आणि चालत राहू." तिने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "दोनदा दाबला तर?" मी म्हटलं, दोनदा दाबलास तर उचलून घेईन.

२०१७मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की घाबरणाऱ्या साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारा. त्यात वेगळं प्रवेशद्वार असतं, वेगळी बसायची खोली असते. आमच्याकडे तेव्हा ते नव्हतं. मी सरकारी वकिलांशी बोलले, त्यांनी न्यायाधीशांकडे अर्ज दिला, आणि पुकारा होईपर्यंत रेकॉर्ड रूमशेजारच्या एका खोलीत आम्हाला बसू दिलं. जुन्या गठ्ठ्यांचा वास, एक टेबल, दोन खुर्च्या. ती रंगीत खडूंनी बैल काढत बसली. पोळा नुकताच झाला होता.

तो जिन्यात दिसला. तिने हात एकदा दाबला.

साक्ष दीड तास चालली, मधे तीनदा थांबून. प्रश्न मॅडमच विचारत होत्या, दोन्ही वकिलांचे त्यांच्याकडूनच यायचे. उलटतपासात तो ठरलेला प्रश्न आला : काय सांगायचं ते ताईंनी शिकवलं का? ती म्हणाली, "ताईनं मला बाथरूम कुठंय ते दाखवलं. आन् पंखा."

शिक्षा झाली. अपील वरच्या कोर्टात आहे. निकालानंतर मी त्या घरी सहा महिने जात राहिले, मग वर्षातून दोनदा, मग तिच्या आईने एकदा चाचरत सांगितलं की पोरगी म्हणते, ताईला येऊ नको म्हण. मी जाणं थांबवलं. अपिलाच्या तारखा आईला फोनवर कळवते, दुपारी, मुलगी कॉलेजात असते तेव्हा.

गेल्या महिन्यात ती मला एसटी स्टँडवर दिसली. अकरावीत आहे, पाठीवर सॅक, चार मैत्रिणी, हातात बर्फाचा गोळा. तिने मला पाहिलं, ओळखलं, आणि मान फिरवून मैत्रिणीशी बोलत चालत राहिली. मी पेपरवाल्याकडे वळले, एक पेपर घेतला, आणि त्यांची गाडी लागेपर्यंत तिकडेच पाठ करून उभी राहिले.